शेवटचा मजला, तापलेला स्लॅब आणि इन्सुलेशन: पैसे आधी कशावर घालावेत?

वरचामजला | २ एप्रिल, रात्री ११.४०

अकोल्यात घर आहे. वडिलांनी २००४ साली बांधलं. खाली आईबाबा, वर आम्ही तिघं. डोक्यावर पाच इंची स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, वरून सिमेंटची घोटाई. ती आता काळपट पडली आहे.

यंदा ठरवलं की नुसतं "उकडतंय" म्हणत बसायचं नाही, मोजायचं. कोविडात घेतलेलं कपाळाचं थर्मामीटर आधी गच्चीवर नेलं, तर त्याने "हाय" दाखवून हात वर केले. मग हार्डवेअरवाल्याकडून बंदुकीसारखं मिळतं ते आणलं. आजचे आकडे:

दुपारी २.३०: गच्चीचा पृष्ठभाग ६१, बेडरूमचं छत ३८.
रात्री ९.००: बाहेर हवा ३३, बेडरूमचं छत ४२.

म्हणजे बाहेर सगळं निवतंय तेव्हा आमचं छत तापतंय. दीड टनाचा एसी रात्री दहाला लावतो आणि एक वाजेपर्यंत कॉम्प्रेसर एकदाही थांबत नाही. गेल्या मेमध्ये बिल ५०० युनिटच्या वर गेलं, म्हणजे महावितरणच्या सगळ्यात महाग टप्प्यात.

तीन जण येऊन पाहून गेले. पहिला म्हणतो पांढरा केमिकल रंग मारा. दुसरा म्हणतो खालून पीओपी करा, वर ग्लासवुल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरून देतो. तिसरा सोलरवाला. ३ किलोवॅटला केंद्राचं ७८ हजार अनुदान आहे, "वीज फुकट, मग एसी कितीही चालवा" हे त्याचं म्हणणं. पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. काय करू?

निवळी | ३ एप्रिल, सकाळी ७.०५

आधी चुना मारा. चुन्याचं पातळ पाणी नाही, दाट चुना, त्यात थोडं फेविकॉल. संध्याकाळी गच्ची झाडून, धुऊन, ओली असतानाच पहिला हात, दुसऱ्या दिवशी आडवा दुसरा. आम्ही जळगावला दर होळीनंतर हेच करतो. हजार रुपयांच्या आत काम. मग केमिकलवाल्याला काय विचारायचं ते विचारा.

ओळंबा | ३ एप्रिल, सकाळी ९.३०

धागाकर्ते, तुम्ही मोजलंत हे फार बरं केलंत. इथे दरवर्षी हा विषय निघतो आणि सगळे "आमच्याकडे खूप फरक पडला" एवढ्यावर थांबतात. मी बांधकामातला आहे, तुमच्याच आकड्यांवर ढोबळ हिशेब मांडतो.

कोबा, स्लॅब आणि गिलावा धरून तुमच्या छताची यू-व्हॅल्यू २.५ च्या आसपास येईल. यू-व्हॅल्यू म्हणजे दोन्ही बाजूंना एका अंशाचा फरक असेल तर एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत येते. वर ६१, खोली तुम्हाला हवी २८. फरक ३३. म्हणजे चौरस मीटरला ८० वॅटच्या वर. खोली १२ बाय १५ धरली तर साधारण १७ चौरस मीटर, म्हणजे फक्त छतातून १.४ किलोवॅट उष्णता. एसीचा एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद. तुमच्या दीड टनातला ०.४ टन नुसता छताशी झुंजतोय.

रात्री छत जास्त गरम का, तर काँक्रीट उष्णता सावकाश पुढे सरकवतं. दोन वाजता गच्चीवर घुसलेली उष्णता चार-पाच तासांनी खालच्या बाजूला पोचते. तुम्ही दहाला एसी लावता तेव्हा तो रात्रीची नाही, दुपारची उष्णता बाहेर काढत असतो.

दुसरं असं की अंगाला फक्त हवा लागत नाही. वरचं ४२ चं छत तव्यासारखं अंगावर ऊन टाकत असतं. हवा २८ ला आणली तरी शरीराला ती ३०-३१ ची वाटते, मग माणूस रिमोट उचलून २० करतो. २०२० पासून नवे एसी मुळातच २४ वर लावून येतात, एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे केंद्राचा ऊर्जा बचतीचा विभाग, सांगतं. पण छत तापलेलं असेल तर २४ वर झोपणार कोण?

आता गच्चीवर २ इंच एक्सपीएसचे (थर्मोकोलच्याच जातीचा, पण घट्ट फोम) बोर्ड टाकले तर यू-व्हॅल्यू ०.५ वर येते. १.४ किलोवॅटचे होतात पावणेतीनशे वॅट. घरांसाठी २०१८ मध्ये ऊर्जा बचतीची इको-निवास संहिता आली, तिच्यात छताची कमाल मर्यादा १.२ आहे. तुमचं छत तिच्या दुप्पट. अर्थात ती संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामांसाठी, आपल्यासारख्यांना कोणी विचारत नाही.

आणि निवळी म्हणतात तो चुना. ताजा चुना बरंचसं ऊन परत फेकतो. पृष्ठभाग ६१ वरून ४५ वर आला तर फरक ३३ चा १७ झाला, म्हणजे उष्णता निम्मी. हजार रुपयांत निम्मी! म्हणून आज संध्याकाळी बादली आणि ब्रश.

वऱ्हाडीठसका | ३ एप्रिल, सकाळी १०.१५

राजेहो, आमच्या लहानपणी एकच इन्सुलेशन होतं, गच्चीवर गादी. संध्याकाळी पाणी मारायचं, दहा वाजता मच्छरदाणी बांधायची, पहाटे चारला अंगावर चादर घ्यायची. आता पाणीच चार-पाच दिवसांनी येते तर गच्चीवर मारता काय, कपाळ?

थंडावाहवा | ३ एप्रिल, दुपारी १.००

ओळंबा, खालून केलेल्या सीलिंगला तुम्ही चिल्लर समजताय का? आमच्याकडे पुण्यात शेवटच्या मजल्यावर ग्लासवुलसकट जिप्सम सीलिंग आहे. गच्ची सोसायटीची, तिथे मला बोटही लावता येत नाही. खोली दहा मिनिटांत गार होते, पूर्वी तास लागायचा.

ओळंबा | ३ एप्रिल, दुपारी १.५०

चिल्लर नाही. तुमच्या बाबतीत तेच बरोबर आहे, आणि दहा मिनिटांत का होतं तेही सांगतो. खालून लावलेलं इन्सुलेशन स्लॅबला खोलीपासून तोडतं. एसीला मग फक्त हवा आणि फर्निचर गार करावं लागतं, स्लॅब नाही. जो फक्त रात्री सहा तास एसी लावतो त्याला हे सोयीचं.

पण स्लॅब तसाच भाजत राहतो. दिवसा प्रसरण, रात्री आकुंचन, भिंतीच्या माथ्याशी आडवी भेग, आणि पावसाळ्यात तिथूनच गळती. ती सीलिंगच्या आड असते, त्यामुळे डाग खाली उतरेपर्यंत वर काय चाललंय कळत नाही. इन्सुलेशन वरून टाकलं की स्लॅबच सावलीत जातो. ज्याची गच्ची स्वतःची आहे त्याने वरूनच करावं, या बाबतीत मी हट्टी आहे.

किलचन | ३ एप्रिल, रात्री ८.२०

औसा तालुक्यातला आहे. आमचं जुनं घर माळवदाचं. लाकडी तुळया, त्यावर किलचन (लाकडाच्या छोट्या फळ्या), त्यावर पाला आणि मग पांढरी माती, वितीच्या वर जाड. मेच्या दुपारी आजोबा आत गोधडीवर झोपायचे. पंखासुद्धा नव्हता. यू-व्हॅल्यू वगैरे कुणाला ठाऊक नव्हतं, पण पावसाळ्याआधी नवी माती टाकून चोपायची हे न चुकता.

मग ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीच्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यातली कितीतरी दगडमातीच्या भिंती आणि हीच माती अंगावर येऊन गेली. त्यानंतर आमच्या वडिलांनी माळवद उतरवून पत्रे टाकले. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसवत नाही, पण आई म्हणते, ऊन माणसाला उठवून बाहेर तरी जाऊ देतं.

म्हणून विचारतो, हे जे बोर्ड म्हणताय त्यांचं वजन किती?

ओळंबा | ३ एप्रिल, रात्री ९.१०

किलचन, तुमचा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा असा आहे. एक्सपीएसचा २ इंची बोर्ड चौरस मीटरला दीड-दोन किलो. वजन येतं ते त्यावरच्या काँक्रीटच्या थराचं, दोन इंचाला सव्वाशे किलोच्या आसपास. जाण्यायेण्याच्या गच्चीवर हलता भार (माणसं, सामान) साधारण चौरस मीटरला १५० किलो धरतात, कायमचा थर त्याच्या वेगळा मोजायचा. त्यामुळे जुन्या घरात आधी इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काही टाकू नये. स्लॅब अशक्त निघाला तर जुना कोबा उतरवून मग नवा थर. आणि जे लोक "गच्चीवर मातीचे वाफे करा, गारवा येतो" म्हणतात त्यांना सांगतो, एक फूट ओली माती चौरस मीटरला पाचशे किलोला पोचते.

आता पत्र्याबद्दल. पत्र्याखाली चार-सहा इंच पोकळी सोडून खाली दुसरं हलकं छत आणि पोकळीला दोन्ही टोकांना वारा जायला जागा, एवढं केलं तरी बराच फरक पडतो. तापलेली हवा खाली न येता बाजूने निघून जाते. थर्मोकोल मात्र पत्र्याला नुसता चिकटवू नका. उघडा फोम आगीला खाद्य असतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या १४ जून २०१७ च्या आगीत ७२ लोक गेले, तिथे बाहेरचं आवरण आणि त्यामागचा फोम दोन्ही जळले. फोम नेहमी काँक्रीट, गिलावा, जिप्सम कशाच्या तरी आड हवा.

इझारकाठ | ४ एप्रिल, मध्यरात्री १२.३०

म्युनिकहून. इथे उलटा संसार आहे, उष्णता आत ठेवायची. आमच्या इमारतीला बाहेरून १६ सेंटिमीटरचा फोम आणि वर गिलावा, खिडक्यांना तीन काचा. १९९१ मध्ये डार्मश्टाट शहरात पहिली 'पॅसिव्हहाउस' घरं राहायला तयार झाली. त्यांचा दंडक असा की गरम ठेवायला वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटपेक्षा जास्त लागता कामा नये. नुसतं जाड इन्सुलेशन नाही, फटीसुद्धा बंद, आणि मग हवा बदलायला वेगळं यंत्र.

पण हे मी मिरवायला लिहीत नाही. हीच घरं जुलैत त्रास देतात. मोठ्या काचांतून ऊन एकदा आत आलं की इन्सुलेशन त्याला बाहेर जाऊ देत नाही, थर्मासमध्ये चहा राहावा तसं. इथल्या बहुतेकांच्या घरी एसी नाही. त्यामुळे जर्मन शेजारी सकाळी आठलाच काचेच्या *बाहेर* असलेले रोलादेन, म्हणजे गुंडाळायचे शटर, खाली ओढतात आणि रात्री सगळ्या खिडक्या सताड उघडतात. मी पहिल्या वर्षी आतून छान जाड पडदे लावून बसले होते. पडदा तापतो आणि घरातच शेगडी होतो, हे उशिरा कळलं.

वरचामजला, तुमची पश्चिमेची भिंत आणि खिडकी कशी आहे?

वरचामजला | ४ एप्रिल, रात्री १०.००

चुना मारला, दोन हात. गच्चीवर आता गॉगल लावून जावं लागतं. आज २.३० ला पृष्ठभाग ४४! रात्री ९ ला छत ३८. खोटं वाटेल, पण एसी साडेअकराला पहिल्यांदा थांबला.

पश्चिमेला नऊ इंची भिंत, एक मोठी खिडकी, छज्जा दीड फुटाचा. चारनंतर ऊन छज्ज्याखालून सरळ आत.

पोटमाळा | ५ एप्रिल, सकाळी ८.४५

छज्ज्याचा पश्चिमेला उपयोग नाहीच, ऊन आडवं येतं. तिथे उभं काहीतरी हवं. आमच्या सावंतवाडीकडे ओसरीला बांबूची चीक सोडतात, तुमच्याकडे वाळ्याचे पडदे असायचे ना?

एक सावधगिरीची गोष्ट. इथलं वाचून कोकणातल्या कुणी घर फोमने गुंडाळू नये. आमच्याकडे रात्र आणि दिवसात फार फरक नसतो, दमटपणा घाम सुकू देत नाही. तिथे वारा खेळता हवा. कौलं काय करतात? एकतर चिऱ्याच्या भिंतीवर लांब पागोळीपर्यंत सावली धरतात, आणि फटींमधून तापलेली हवा वर निघून जाते. खाली पोटमाळा असला की झालं. आता सगळे स्लॅब टाकतात, मग त्यावर गळतीसाठी पत्र्याची शेड टाकतात. म्हणजे फिरून कौलाच्याच कल्पनेवर, फक्त दुप्पट खर्च करून!

थंडावाहवा | ५ एप्रिल, सकाळी ११.१०

नवीन बांधणाऱ्यांसाठी भिंतीचं पण सांगा कुणीतरी. आमच्या भावाला मिस्त्री म्हणतो सिपोरेक्स लावा, गार राहतं. खरं का?

ओळंबा | ५ एप्रिल, दुपारी १२.४०

सिपोरेक्स हे एका कंपनीचं नाव, मिस्त्री सगळ्याच एएसी ब्लॉकना (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) तेच म्हणतात, तो भाग सोडा. नऊ इंची विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू २ च्या आसपास, आठ इंची एएसीची पाऊण. म्हणजे उष्णता निम्म्याहून कमी. आत हवेचे बारीक बुडबुडे असतात, काम ते करतात. मात्र काँक्रीटचे कॉलम-बीम तसेच उघडे राहतात, आणि ब्लॉक व काँक्रीटच्या सांध्यावर जाळी न मारता गिलावा केला की भेग ठरलेली.

वीटच वापरायची असेल तर वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेला रॅट ट्रॅप बाँड पाहा. विटा आडव्या न टाकता कडेवर उभ्या लावायच्या, भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा जवळपास पाव भागाने कमी लागतात. अडचण एकच, विटा सरळ आणि एका मापाच्या हव्यात. अकोल्याजवळ पारसचं औष्णिक केंद्र आहे, राखेच्या विटा त्या भागात मिळतात आणि त्यांची कड बरी असते. कोळसा जाळून एसी चालवायचा आणि त्याच कोळशाच्या राखेची भिंत करून एसी कमी चालवायचा, गंमतच.

निवळी | ५ एप्रिल, दुपारी २.००

सोलरचं राहिलंच की. मला तरी तो माणूस अगदीच चुकीचा वाटत नाही. पॅनेल उंचावर बसवले तर खालच्या गच्चीला सावलीही होते.

ओळंबा | ५ एप्रिल, दुपारी २.२०

सावलीचं खरं आहे. पण पॅनेल वीज करतात दुपारी आणि यांचा एसी चालतो रात्री. नेट मीटरिंगमुळे (दिवसा ग्रिडला दिलेली वीज वापरातून वजा होते) बिलात जमतं, ग्रिडला मात्र रात्रीचा भार उचलावाच लागतो. शिवाय छत तापलेलं ठेवून सोलर घेणं म्हणजे गळक्या माठासाठी मोठी घागर आणणं. आधी भार कमी करा, मग तीनऐवजी दोन किलोवॅटमध्ये भागेल. पण एक लक्षात ठेवा. पुढे पॅनेल लावायचे नक्की असतील तर त्यांच्या खांबांचे पाये इन्सुलेशनच्या *आधी* स्लॅबवर करून घ्या. नंतर बोर्ड फोडून, वॉटरप्रूफिंग फोडून पाये केलेले मी पाहिलेत, तिथेच गळतं.

वरचामजला | २९ मे, रात्री १०.३०

बरेच दिवसांनी येतोय. इंजिनिअरला आणून स्लॅब दाखवला, त्याने हरकत नाही म्हटल्यावर पुढे गेलो. काय केलं ते क्रमाने: चुना खरवडला, कोब्याच्या भेगा भरल्या, वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पाणी साठवून तीन दिवस तपासलं (टँकर मागवला, शेजाऱ्यांचे टोमणे वेगळे). सोलरसाठी सहा पाये. मग २ इंची एक्सपीएस, खाचेत खाच बसणारे बोर्ड, वर प्लास्टिक, कोंबडीजाळी टाकून दोन इंच काँक्रीट, आणि पांढऱ्या चायना मोझेकचे तुकडे. मजुरीसकट चौरस फुटाला १६५ रुपये पडले. सगळ्या गच्चीला पुरले नाहीत, हॉल आणि दोन बेडरूमवर केलं. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी शेडनेट, लोखंडी चौकटीवर, भिंतीपासून फूटभर लांब.

आजचे आकडे, आणि आज बाहेर ४५ होतं:

दुपारी २.३०: मोझेक ४८, छत ३४.
रात्री ९.००: बाहेर हवा ३७, छत ३५.

रात्री ९ ला छत बाहेरच्या हवेपेक्षा गार. एसी २६ वर आणि पंखा. बिल अजून आलं नाही, आलं की टाकतो.

एक विचित्र गोष्ट. छतावर बंदूक फिरवताना पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला हातभर रुंदीची पट्टी सगळीकडे ३९-४० दाखवते. बोर्ड तर कडेपर्यंत टाकलेत.

ओळंबा | २९ मे, रात्री ११.००

पॅरापेट स्वतः तापतो आणि खाली स्लॅबला जोडलेला असतो, उष्णता तिथून वळसा घालून उतरते. पॅरापेटच्या आतल्या-बाहेरच्या बाजूला पांढरा रंग मारा, थोडी कमी होईल. पूर्ण घालवायची तर पॅरापेटलाही बोर्ड गुंडाळावे लागले असते. एवढ्यासाठी आता काही करू नका.

इझारकाठ | ३० मे, मध्यरात्री १.१५

इथे या पट्टीला 'उष्णतेचा पूल' म्हणतात आणि हिवाळ्यात नेमक्या तिथेच बुरशी धरते. तुमच्याकडे निदान कोरडं तरी आहे!

वरचामजला | ७ जून, सकाळी ६.५०

कोरडं होतं. काल रात्री वळीव आला आणि जिन्यात पाणी. स्लॅब गळाला नाही, घाबरू नका. झालं असं की नव्या थरांनी गच्ची साडेचार इंच वर आली आणि जिन्याच्या दाराचा उंबरा मुळात चारच इंच होता. आता उंबरा जमिनीखाली! पाणी पायऱ्या उतरून थेट बाबांच्या दिवाणापर्यंत. मिस्त्रीला, इंजिनिअरला, मला, कुणालाच हे सुचलं नाही. पन्हळीचं तोंड मात्र आठवणीने वर घेतलं होतं.

ओळंबा | ७ जून, सकाळी ७.३०

मलाही विचारायला सुचलं नाही, माझीही चूक. आज पोती टाकून अडवा. मग दाराची चौकट न काढता बाहेरच्या बाजूने सहा इंचाचा नवा ग्रॅनाइटचा उंबरा, त्याच्या पायाशी दोन्हीकडे वाटा (कोपऱ्याला सिमेंटची गोलाई) मारून घ्या, आणि दाराची फळी खालून तेवढी कापा. वॉटरप्रूफिंगचा हात उंबऱ्यावर चढला पाहिजे, नुसता टेकला नाही पाहिजे.

वऱ्हाडीठसका | ७ जून, सकाळी ८.००

म्हणजे ऊन बाहेर ठेवलं अन् पाणी घरात घेतलं. बाबा काय म्हणाले?

वरचामजला | ७ जून, सकाळी ८.२०

बाबा दिवाण उचलून वर आलेत. म्हणे इथे बरं वाटतंय, उंबरा सावकाश करा.